एम्पुर्दा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बार्सेलोनाला जायच्या तयारीत असलेले वाचक आधी कोस्ता ब्रावाच्या किनाऱ्यांबद्दल विचारतात, आणि थोड्याच वेळात गाडी एम्पुर्दावर येते. चित्रकार दाली इथलाच का? तो वारा खरंच एवढा सुटतो का? तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. नावं शक्यतो कातालान उच्चाराच्या जवळ लिहिली आहेत. स्पॅनिश नकाशावर हाच भाग ‘आम्पुर्दान’ असा दिसेल.

१. एम्पुर्दा नेमकं कुठे आहे? हा जिल्हा आहे की नुसतंच नाव?

स्पेनच्या ईशान्य टोकाला, पिरेनीज पर्वत जिथे भूमध्य समुद्रात उतरतो तिथे. कातालोनियातल्या जिरोना प्रांताची ही समुद्राकडची वरची बाजू. उत्तरेला फ्रान्स, पूर्वेला समुद्र, दक्षिणेला गावारेसचे डोंगर, आणि मधे मुगा, फ्लुविया व तेर या नद्यांनी गाळ आणून भरलेलं सपाट मैदान. या नावाचा एकसंध सरकारी विभाग आज नाही, त्याचे दोन भाग आहेत (प्रश्न ३). पण वऱ्हाड म्हटल्यावर जशी आपल्याला जिल्ह्यांची यादी आठवत नाही, माणसं आणि बोली आठवते, तसंच इथे आहे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढच्या निम्म्या उत्तरांना तिचा आधार आहे. पिरेनीजची रांग या टोकाला बुटकी होते, त्यामुळे हा भाग इबेरियन द्वीपकल्पाचा दरवाजा आहे. व्यापारी, सैन्यं, निर्वासित, रोग, वारा, सगळ्यांची ये-जा इथूनच झाली.

२. मग एम्पुर्दा आणि कोस्ता ब्रावा एकच ना?

नाही. कोस्ता ब्रावा हे किनाऱ्याचं नाव आहे आणि ते अगदी अलीकडचं आहे. फेर्रान आगुल्यो या पत्रकाराने १२ सप्टेंबर १९०८ च्या ‘ला वेउ दे कातालुन्या’ या दैनिकात ते वापरलं आणि ते चिकटलं. हा किनारा दक्षिणेला ब्लानेसपासून फ्रान्सच्या सीमेपर्यंत जातो. त्यातली ब्लानेस, ल्योरेत आणि तोसा ही गावं शेजारच्या ‘ला सेल्वा’ भागात मोडतात, एम्पुर्दात नाही. उलट एम्पुर्दाच्या कितीतरी गावांतून समुद्र दिसतही नाही.

पर्यटन कंपन्या दोन्ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. ‘एम्पुर्दात राहा’ म्हणून ल्योरेतमधलं हॉटेल दाखवलं, तर फसू नका.

३. आल्त आणि बाइश अशी दोन एम्पुर्दा का आहेत?

आल्त म्हणजे वरचं, बाइश म्हणजे खालचं. १९३६ मध्ये कातालोनियाच्या सरकारने कोमार्का नावाचे विभाग पाडले तेव्हा ही वाटणी झाली. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत हे विभाग रद्द झाले आणि १९८७ मध्ये पुन्हा आले. आल्त एम्पुर्दाचं मुख्य गाव फिगेरस, क्षेत्रफळ सुमारे १,३५८ चौरस किलोमीटर. बाइश एम्पुर्दाचं मुख्य गाव ला बिस्बाल, क्षेत्रफळ सुमारे ७०२. ला बिस्बाल मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. फिगेरस बाजारपेठेचं आणि सीमेवरच्या वाहतुकीचं गाव.

दोघांच्या मधे मोंग्रीचा उघडाबोडका चुनखडी डोंगर येतो. वाटणी ढोबळमानाने त्याच्या आसपास होते.

४. ग्रीक लोक इतक्या लांब कशाला आले होते?

व्यापाराला. आशिया मायनरमधल्या फोकाया या शहराच्या ग्रीकांनी इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला एका छोट्या बेटावर ठाणं मांडलं. ते बेट आज जमिनीला जोडलं गेलं असून तिथे सांत मार्ती द’एम्पुरिएस हे गाव आहे. नंतर समोरच्या किनाऱ्यावर मोठी वस्ती वाढली. तिला ‘एम्पोरिओन’, म्हणजे बाजारपेठ, म्हणत. त्यावरूनच एम्पुरिएस आणि पुढे एम्पुर्दा.

रोमन इतिहासकार लिव्हीने या गावाचं केलेलं वर्णन मला फार बोलकं वाटतं. ग्रीक आणि स्थानिक इबेरियन लोक शेजारी शेजारी राहत, पण मधे भिंत होती. ग्रीकांपैकी एक तृतीयांश नागरिक रोज रात्री त्या भिंतीवर पहारा देत आणि स्थानिकांना आत घेत नसत. मात्र दिवसा व्यापार दोघांनाही हवा होता.

इ.स.पू. २१८ मध्ये रोमचा शत्रू, कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीकडे निघालेला असताना त्याची रसद तोडण्यासाठी ग्नेयस कॉर्नेलियस स्किपिओ रोमन फौज घेऊन इथेच उतरला. रोमनांचं स्पेनमधलं पहिलं पाऊल ते हे. पुढे ग्रीक वस्तीच्या वरच्या अंगाला रोमन शहर उभं राहिलं. १९०८ पासून इथे उत्खनन चालू आहे. दोन्ही शहरांचे अवशेष एकाच आवारात पाहता येतात, आणि समुद्राकाठी ग्रीकांच्या काळातला दगडी धक्का अजून उभा आहे. १९९२ च्या बार्सेलोना ऑलिंपिकची ज्योत ग्रीसहून जहाजाने आली तीही याच किनाऱ्यावर उतरवली. त्यातला संकेत कोणाला समजावून सांगावा लागला नसेल.

५. ग्रीकांच्या आधी तिथे कोणी नव्हतंच का?

होते की. इंदिगेत नावाचे इबेरियन लोक. त्यांचं उल्यास्त्रेत हे कातालोनियातलं सर्वांत मोठं इबेरियन नगर होतं. त्याची तटबंदी, धान्याची पेवं आणि रस्ते आजही टेकडीवर दिसतात. इथे खिळे ठोकलेल्या कवट्या सापडल्या आहेत. शत्रूंची मुंडकी दर्शनी जागी लावण्याची रीत होती असं त्यावरून मानतात. एम्पुरिएसला गर्दी असते, उल्यास्त्रेतला बऱ्याचदा तुम्ही आणि सायप्रसची झाडं एवढंच. वेळ एकाच जागेपुरता असेल तर मी उल्यास्त्रेत निवडेन.

६. मध्ययुगात इथे राज्य कोणाचं होतं?

एम्पुरिएसच्या काउंटांचं, म्हणजे सरदार घराण्याचं. समुद्रावरून हल्ले होऊ लागल्यावर त्यांनी अकराव्या शतकात राजधानी आत, कास्तेल्यो द’एम्पुरिएसला हलवली. तिथलं सांता मारियाचं चर्च इतकं भव्य आहे की लोक त्याला एम्पुर्दाचं कॅथेड्रल म्हणतात. बिशपचं पीठ मात्र तिथे कधीच आलं नाही.

हे काउंट आरागोनच्या राजाला, ज्याच्याकडे बार्सेलोनाही होतं, जुमानत नसत. म्हणून राजा दुसरा जाउमे याने १२९४ मध्ये मोंग्रीच्या माथ्यावर, त्यांच्या डोळ्यांसमोर, किल्ला बांधायला काढला. १३०१ मध्ये तंटा शमला आणि काम थांबलं. किल्ला तसाच अर्धवट आहे: बाहेरून चार भिंती आणि बुरूज, आत काहीच नाही. तरी चढून जा. वरून अख्खं मैदान, मेदेस बेटं आणि हिवाळ्यात पिरेनीजचा बर्फ दिसतो. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला ही सरदारकी राजाकडे गेली.

७. एकाच गावाची दोन-दोन ठिकाणं का दिसतात, एक डोंगराकडे आणि एक समुद्रावर?

नकाशा नीट पाहणारेच हा प्रश्न विचारतात. तोरुएल्या आत, त्याचं बंदर लेस्तार्तीत समुद्रावर. पालाफ्रुजेल आत, त्याच्या कालेल्या, ल्याफ्रांक आणि तामारिउ या वाड्या समुद्रावर. बेगुर टेकडीवर, त्याच्या सा तुना आणि सा रिएरा या खाड्या खाली.

कारण चाचे. सोळाव्या शतकात उत्तर आफ्रिकेतून येणारे चाचे माणसं पकडून गुलाम म्हणून विकत. १५४३ मध्ये तर ऑटोमन आरमाराचा प्रमुख बार्बारोसा याच्या ताफ्याने कादाकेस, रोझेस आणि पालामोस एकाच मोहिमेत लुटली. त्यामुळे वस्ती किनाऱ्यापासून दूर, खाली फक्त होड्या आणि जाळी ठेवायच्या खोपट्या. बेगुरमध्ये घरांना लागून उभारलेले टेहळणीचे बुरूज अजून आहेत. आज ज्या पांढऱ्या घरांचं भाडं ऐकून घाम फुटतो, त्यांतली बरीच मुळात या खोपट्याच होत्या.

कादाकेस याला अपवाद. ते थेट पाण्यावर राहिलं, कारण मागे डोंगर आडवा आहे. जमिनीचा रस्ता इतका वाईट होता की तिथल्या माणसांना फिगेरसपेक्षा जहाजाने दूरची बंदरं जवळची वाटत.

किनाऱ्याने जाणारी ‘कामी दे रोंदा’ ही पायवाट पुढच्या काळातली आहे. ती चाच्यांसाठी नव्हे, तर तस्करांवर नजर ठेवणाऱ्या शिपायांच्या गस्तीसाठी होती. तंबाखूची तस्करी इथे फार चाले, आणि त्यात कोणाला विशेष लाज वाटे असंही दिसत नाही.

८. त्रामुंताना वारा म्हणजे काय? तो खरंच इतका जोराचा असतो?

हो. पिरेनीजवरून उतरणारा थंड, कोरडा उत्तरवारा. मैदानात आणि काप दे क्रेउसच्या टोकावर तो ताशी १०० किलोमीटरच्या वर सहज जातो आणि सुटला की कधी कधी सलग कित्येक दिवस थांबत नाही. शरद ऋतू आणि हिवाळ्यात जास्त. आकाश मात्र लख्ख निळं असतं, त्यामुळे नवखा माणूस खिडकीतून पाहून फसतो.

त्याच्या खुणा सगळीकडे आहेत. जुन्या शेतघरांच्या उत्तरेकडच्या भिंतीला खिडक्या नसतात किंवा अगदी लहान असतात. शेतांच्या कडेला सायप्रसच्या दाट रांगा लावलेल्या असतात. शेतकरी त्याला नुसत्या शिव्या देत नाही, कारण हा वारा दलदल सुकवतो, डास आणि रोगराई उडवून लावतो. पूर्वी वारा यावा म्हणून फिगेरसचे लोक रेकेसेन्सच्या देवीकडे पायी मिरवणुकीने जात. पाऊस पडावा म्हणून देवाला साकडं घालणं आपल्याला ठाऊक आहे. वाऱ्यासाठी साकडं मी तरी इथलंच ऐकलं.

९. ‘वाऱ्याने एम्पुर्दाची माणसं वेडी होतात’ असं म्हणतात, त्यात तथ्य किती?

‘तोकात पेर ला त्रामुंताना’, वाऱ्याने झपाटलेला, हा वाक्प्रचार इथलाच. स्थानिक लोक तो अभिमानाने मिरवतात आणि दुकानदार तो टी-शर्टवर छापतात. वाऱ्याने माणसाचा स्वभाव बनतो हे काही मला पटत नाही. पण हट्टी, कल्पक आणि सत्तेला न जुमानणारी माणसं या भागाने भरपूर दिली, हे खरं.

फिगेरसच्या आब्दो तेर्रादेसचं उदाहरण घ्या. १८४२ मध्ये तो महापौर म्हणून निवडून आला, पण कट्टर प्रजासत्ताकवादी असल्याने राजेशाहीच्या नावाने शपथ घ्यायला त्याने नकार दिला. दुसरा फिगेरसचाच नार्सीस मोंतुरिओल. पोवळी काढणाऱ्या पाणबुड्यांचे हाल कादाकेसला पाहून त्याने पाण्याखाली जाणारी नाव बांधायचं मनावर घेतलं. १८५९ मध्ये त्याची लाकडी ‘इक्तिनेओ’ बार्सेलोनाच्या बंदरात बुडी मारून वर आली. दुसरी, वाफेच्या यंत्राची इक्तिनेओही चालली. पण पैसे संपले आणि १८६८ मध्ये ती भंगारात गेली. याला वेड म्हणायचं तर म्हणा. मी भांडवलाचा तुटवडा म्हणेन.

१०. साल्वादोर दालीचं सगळं एका दिवसात पाहून होईल का?

नाही, प्रयत्नही करू नका. तीन ठिकाणं आहेत आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे.

फिगेरसमध्ये दालीचा १९०४ मध्ये जन्म झाला आणि १९८९ मध्ये मृत्यू. तिथलं नाट्यगृह स्पेनच्या यादवी युद्धाच्या (प्रश्न १३) अखेरीस जळालं होतं. त्याच्या अवशेषांत त्याने स्वतःचं संग्रहालय उभारलं, ते २८ सप्टेंबर १९७४ ला उघडलं. पुरलंही त्याला तिथेच, पूर्वी रंगमंच होता त्या जागेखाली. पोर्तलिगातला, कादाकेसच्या पलीकडे, कोळ्यांच्या खोपट्या एकमेकींना जोडत वाढवलेलं घर आहे. तिसरा पुबोलचा वाडा, जो त्याने पत्नी गालाला दिला. तिच्या लेखी निमंत्रणाशिवाय तिथे जायचं नाही, ही अट त्याने मान्य केली होती.

एकच निवडायचं तर पोर्तलिगात. आत थोड्याच लोकांना सोडतात, म्हणून तिकीट आधी काढावं लागतं. आणि तिथून काप दे क्रेउसला जा. वाऱ्याने आणि खाऱ्या पाण्याने कुरतडलेले ते खडक पाहिले की दालीच्या चित्रांतले वितळलेले आकार त्याने डोक्यातून काढले नव्हते, हे कळतं.

११. डोंगरांवर पायऱ्या-पायऱ्यांचे ओसाड बांध दिसतात, ते कशाचे?

द्राक्षमळ्यांचे. काप दे क्रेउसच्या उतारांवर चुना-मातीशिवाय रचलेले हे गडगे शेकडो वर्षांच्या मेहनतीचे आहेत. १८७९ मध्ये फिलॉक्सेरा हा मुळं खाणारा किडा फ्रान्समधून याच दरवाज्याने आला. कातालोनियातले वेल मरायला सुरुवात झाली ती एम्पुर्दापासून. काहींनी त्या जागी ऑलिव्ह लावले, पण फेब्रुवारी १९५६ च्या कडाक्याच्या थंडीने तेही मारले. त्यानंतर बऱ्याच बांधांवर कोणी परतलं नाही. मैदानात आणि पायथ्याशी मात्र द्राक्षं टिकली, आणि गार्नाचा जातीची गोड वाइन आजही निघते.

दक्षिणेला, गावारेसच्या रानात, बुचाने तारलं. बूच-ओकची साल दहा-बारा वर्षांतून एकदा सोलतात आणि झाड मरत नाही. पालाफ्रुजेल आणि सांत फेलिउ ही गावं एकोणिसाव्या शतकात बाटल्यांच्या बुचांवर मोठी झाली. कामगारांच्या संस्था, सहकारी दुकानं, वाचनालयं ही त्याच पैशातून आली. पालाफ्रुजेलला बुचाचं संग्रहालय आहे.

१२. बेगुरमध्ये ‘इंदियानांचा’ उत्सव होतो, ते भारतीय का?

नाही, आपला काही संबंध नाही. एकोणिसाव्या शतकात बेगुरची माणसं क्यूबाला गेली आणि काही पैसे कमावून परतली. अमेरिका खंडाला तेव्हा ‘इंडीज’ म्हणत, म्हणून परतलेले हे लोक इंदियानो. त्यांनी बांधलेली कमानींच्या व्हरांड्यांची, रंगवलेल्या छतांची घरं गावात आहेत. सप्टेंबरमध्ये त्यांच्या नावाने जत्रा भरते. या पैशातला काही क्यूबातल्या गुलामांच्या कष्टांवर उभा होता. जत्रेच्या पांढऱ्या कपड्यांत ते सहसा दिसत नाही.

१३. यादवी युद्धात इथे काय घडलं?

शेवट इथे घडला. २६ जानेवारी १९३९ ला फ्रँकोच्या फौजेपुढे बार्सेलोना पडलं आणि प्रजासत्ताकाचं सरकार, सैन्य आणि सामान्य माणसं उत्तरेकडे पळाली. फिगेरसचा सांत फेर्रान हा अठराव्या शतकातला प्रचंड किल्ला फ्रान्सला रोखण्यासाठी बांधला होता. त्याच्या तळघरात १ फेब्रुवारीला स्पेनच्या प्रजासत्ताकी संसदेची देशातली शेवटची बैठक झाली. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातली चित्रंही तोवर याच भागात, पेरालादाच्या वाड्यात आणि किल्ल्यात, लपवलेली होती. ती ट्रकांतून सीमेपार जिनिव्हाला नेली.

ला जोंकेरा आणि पोर्तबोउमार्गे काही आठवड्यांत चार ते पाच लाख माणसं फ्रान्समध्ये शिरली. तिथे त्यांचं स्वागत समुद्रकाठच्या वाळूवर, काटेरी तारांच्या आत झालं. कवी आंतोनिओ माचादो सीमा ओलांडून कोल्यूरला पोचला आणि २२ फेब्रुवारीला तिथेच वारला. ला जोंकेरात आता या निर्वासनाचं संग्रहालय आहे. आसपास दारूची आणि सिगारेटची स्वस्त दुकानं आहेत, त्यांकडे दुर्लक्ष करून आत जा.

पुढच्याच वर्षी प्रवाह उलटा फिरला. नाझींपासून पळणारा जर्मन ज्यू विचारवंत वाल्टर बेन्यामिन डोंगर चढून फ्रान्समधून पोर्तबोउला आला. परत पाठवणार असं कळल्यावर सप्टेंबर १९४० मध्ये त्या गावातच त्याचा अंत झाला. शिल्पकार दानी कारावानने १९९४ मध्ये त्याच्यासाठी कड्यातून थेट समुद्राकडे उतरणारा गंजक्या पोलादाचा जिना केला आहे.

१४. तिथे स्पॅनिश चालतं का?

चालतं, सगळ्यांना येतं. पण बाजारात, शाळेत आणि घरात कातालान ऐकू येईल. ‘बोन दिया’ म्हणून सुरुवात केलीत तर चेहरे खुलतात. कादाकेसच्या जुन्या बोलीत ‘एल’ आणि ‘ला’ऐवजी ‘एस’ आणि ‘सा’ येतं, मायोर्का बेटावर येतं तसंच. प्रश्न ७ मधली सा तुना आणि सा रिएरा ही नावं त्याच बोलीची.

१५. सार्दाना आणि हाबानेरा यांत फरक काय?

सार्दाना हा हात धरून गोलात करायचा नाच. त्याला आजचं रूप फिगेरसमध्ये पेप वेंतुराने दिलं. कातालान ओळखीचं हे प्रतीक घडवणाऱ्या माणसाचा जन्म आंदालुसियातला, हे सांगायला मला दर वेळी मजा येते. हाबानेरा ही क्यूबाशी असलेल्या नात्यातून आलेली, खानावळीत बसून गायची संथ गाणी. कालेल्यात जुलैच्या सुरुवातीला किनाऱ्यावर मोठी मैफल होते. सोबत ‘क्रेमात’, म्हणजे रम, साखर, दालचिनी आणि कॉफीच्या बिया एकत्र पेटवून केलेलं पेय.

१६. आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही, पण विचारून खा. टोमॅटो चोळलेला पाव, भाजलेल्या वांग्या-मिरच्यांची एस्कालिवादा आणि मधासोबत रेकुइत हे ताजं चीज मिळतं. पाल्सचा भात प्रसिद्ध आहे, पण तो बहुतेक वेळा माशांच्या किंवा मांसाच्या पाण्यात शिजतो. पालकाच्या भाजीतही डुकराच्या मांसाचे तुकडे निघू शकतात. ईस्टरच्या आधी मिळणारे बडीशेपीच्या वासाचे बुन्योल सोडू नका.

मासे खाणाऱ्यांची चैन आहे: लेस्कालाची खारवलेली अँचोव्ही, पालामोसची लाल कोळंबी, सुकेत नावाचं माशांचं कालवण. कोंबडी आणि शेवंड एकाच भांड्यात शिजवायची ‘समुद्र आणि डोंगर’ ही रीतही इथलीच. रोझेसजवळच्या खाडीतलं शेफ फेर्रान आद्रियाचं एलबुली हे रेस्तराँ २०११ मध्ये बंद झालं. आता तिथे जेवण नाही, प्रदर्शन आहे.

१७. कालव्यांवर बंगले असलेलं ते गाव आणि पक्ष्यांची दलदल शेजारी शेजारी कशी?

एकाच भांडणाच्या या दोन बाजू. १९६७ पासून कास्तेल्योच्या दलदलीत एम्पुरियाब्रावा ही वसाहत खोदली, दाराशी बोट बांधता येईल अशी. सत्तरच्या दशकात आणखी एक तशीच वसाहत येऊ घातली, तेव्हा निसर्गप्रेमींनी आंदोलन करून ती अडवली. १९८३ मध्ये उरलेल्या पाणथळ जमिनीला ‘आय्ग्वामोल्स’ म्हणून संरक्षण मिळालं. करकोचे पुन्हा आणून सोडले, ते आता गावातल्या छपरांवर घरटी करतात. त्याच वर्षी मेदेस बेटांभोवती मासेमारीवर बंदी आली.

१८. तीन मित्र गाडीने स्पेन फिरतात, त्या हिंदी सिनेमातली जागा हीच का?

त्यातला समुद्रात बुडी मारायचा भाग कोस्ता ब्रावावर घडतो. बुडी मारायचीच असेल तर लेस्तार्तीतहून मेदेस बेटांकडे जा. मासेमारीची बंदी इतकी वर्षं टिकल्याने (प्रश्न १७) तिथे मोठमोठे ग्रूपर मासे माणसांना न घाबरता फिरतात.

१९. कधी जावं, कसं जावं?

मे-जून किंवा सप्टेंबर. ऑगस्टमध्ये कादाकेसच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. बार्सेलोनाहून फिगेरसला वेगवान रेल्वेने तासाभरात पोचता, पण ते स्थानक गावाच्या कडेला आहे. मैदानातली पेराताल्यादा, पाल्स, मोनेल्स ही दगडी गावं पाहायची तर गाडी हवी. आत रेल्वे नाही आणि बस कमी.

२०. सीमेपलीकडचे पर्पिन्यां, कोल्यूरही कातालान आहेत म्हणतात. मग तेही एम्पुर्दाच का?

कातालान, हो. एम्पुर्दा, नाही. तो रूसियोन. १६५९ च्या पिरेनीजच्या तहात स्पेनने तो फ्रान्सला दिला, तेव्हापासून एम्पुर्दा सीमेवर आलं आणि सांत फेर्रानसारखा किल्ला लागला (प्रश्न १३). बोली, आडनावं आणि वारा दोन्हीकडे तेच.

असेच आणखी काही घोळ. जिरोना शहर एम्पुर्दात नाही, ते जिरोनेस भागात येतं. पुबोल जिरोनाच्या वाटेवर असलं तरी बाइश एम्पुर्दात आहे. लेस्काला मोंग्रीच्या अगदी पायाशी असूनही आल्तमध्ये, आणि डोंगराच्या दुसऱ्या अंगाचं तोरुएल्या बाइशमध्ये.